दशरथ मचव्यातून उतरेना

दुमिंगकाका आत झोपलेत. "जागे झाले की हाक मारते," असं म्हणत फिलूने माझ्या हातात कॉफीचा कप दिला आणि ती तिच्या कामाला लागली. फिलू म्हणजे काकांची धाकटी लेक, माझ्याच वयाची. मी कप घेऊन मागे वाडीत आले आणि विहिरीच्या कठड्यावर बसले. दुपारचे तीन वाजून गेले असावेत. केळीच्या आळ्यांत नुकतंच पाणी सोडलंय. ओली माती, केळीची कुजलेली सोपटं आणि कुठूनतरी येणारं सुकं खोबरं असा मिळून एक वास नंदाखालला असतो. पहिल्यांदा आले तेव्हा होता तसाच तो आजही आहे. मला त्याचा राग येतो. माणसं विसरतात, थकतात, निघून जातात, आणि वास मात्र जागचा हलत नाही.

याच कठड्यावर माझे बाबा रविवारी येऊन बसायचे. मांडीवर वही, वहीवर पेन, आणि पेनाचं टोपण बहुतेक वेळा लावलेलंच.

बाबा फोर्टातल्या एका विमा कचेरीत कारकून होते. दुमिंगकाका त्याच कचेरीत, शेजारच्या टेबलावर. काका वसईजवळच्या नंदाखाल गावचे ख्रिस्ती, पिढ्यान्‌पिढ्या केळी-नारळाची वाडी असलेले. आम्ही लालबागची खोली सोडून नव्वदीच्या सुरुवातीला वसईला, एव्हरशाईन सिटीत राहायला आलो. तेव्हा मी कॉलेजात होते. आमच्या इमारतीच्या मागे उंच गवत होतं आणि पावसाळ्यात त्यात बेडूक इतके ओरडायचे की टीव्ही ऐकू यायचा नाही. जिन्याला ओल्या सिमेंटचा वास यायचा. पाण्याचा टँकर आला की त्याचा भोंगा, मग सगळ्या मजल्यांवरून बादल्यांचा खणखणाट, मग बायकांची भांडणं. बाबांनी पहिल्या दिवशी गॅलरीत उभं राहून सांगितलं, "इथे लिहिता येईल. चाळीत कधी जमलं नाही. इथे शांतता आहे."

महिन्याभरात शेजारच्या विंगेचं काम सुरू झालं. दिवसभर लोखंड ठोकल्याचा आवाज. बाबा कचेरीतून यायचे, हातपाय धुवायचे, वही काढायचे, खिडकीकडे बघायचे आणि वही मिटायचे. शेवटी दुमिंगकाका म्हणाले, "रविवारी माझ्याकडे येत जा. वाडीत कोण बोलत नाय तुला." तेव्हापासून आमचं नंदाखाल सुरू झालं. आई एकदोनदा आली आणि नंतर गुडघ्यांचं निमित्त करून राहिली. मी मात्र बाबांबरोबर जायचे, कारण काकांच्या घरी फिलू होती, खूप पुस्तकं होती, आणि दुपारच्या जेवणानंतर काकू सुकेळी द्यायच्या. राजेळी केळी उन्हात वाळवून, मधासारखी काळपट झाली की सोपटात बांधून ठेवलेली. बोटांना चिकटायची. तो चिकटपणा घेऊनच मी संध्याकाळच्या एसटीत बसायचे.

बाबांना कादंबरी लिहायची होती. मला कळायला लागल्यापासून लिहायची होती. तिची सुरुवात मला पाठ होती, घरात सगळ्यांनाच पाठ होती: "उजाडायला अजून अवकाश होता आणि दशरथ मचव्याच्या टोकाशी बसला होता." दशरथ हा कोकणातला खलाशी. अकरा वर्षांनी शिडाच्या मचव्यातून आपल्या खाडीकाठच्या गावाला परत येतोय. पुढे काय होतं ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण बाबा पुढे जातच नव्हते. एका वहीत दशरथ बसलेला असायचा, दुसऱ्या वहीत उभा. कधी उजाडायला अवकाश असायचा, कधी उजाडायच्या बेतात असायचं. कधी मचव्याला नाव असायचं, कधी नाव खोडलेलं. दर वहीचं पहिलं पान सुंदर अक्षरात, दुसरं अर्धं, तिसऱ्यावर एखादी ओळ. मग कोरी पानं. मग नवी वही.

आणि मी कोण होते त्यांना बोलणारी? कॉलेजच्या वार्षिकात माझी एक कथा छापून आली होती. तेवढ्यावर बाबा महिनाभर कचेरीत अंक घेऊन फिरले. "पिंड माझा उचललाय," असं ते म्हणायचे आणि मला ते आवडायचं नाही. त्यानंतर मी काहीच लिहिलं नाही. अंधेरीच्या एका कचेरीत नोकरी लागली. घरी परत येईतो आठ वाजायचे. मग पाणी, जेवण, आईचे गुडघे. लिहायचं आहे असं मीही म्हणायचे. फक्त मनात म्हणायचे, म्हणून स्वतःला बाबांपेक्षा शहाणी समजायचे.

एका रविवारी, बाबांच्या निवृत्तीला वर्षभर राहिलं असताना, मी इथेच त्यांच्या शेजारी बसले आणि वहीत डोकावले. पुन्हा तेच वाक्य. दशरथ पुन्हा बसलेला. आठवडाभर साहेबाने मला छळलेलं होतं, त्या दिवशी डोकंही दुखत होतं, आणि ते वाक्य बघून माझा तोल गेला.

"बाबा," मी म्हटलं, "हा दशरथ म्हातारा होऊन त्या मचव्यातच मरणार. एकदा उतरवा तरी त्याला."

बाबांनी वही मिटली. रागावले नाहीत. टोपण आधीच लावलेलं होतं, तरी ते त्यांनी पुन्हा दाबून बसवलं आणि म्हणाले, "रिटायर झालो की उतरवतो. मग वेळच वेळ आहे."

त्यानंतर त्यांनी माझ्यासमोर कधी वही उघडली नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक टेबल घेतलं. खिडकीजवळ ठेवलं, त्यावर काच टाकली, काचेखाली गावच्या खाडीचा एक जुना फोटो सरकवला. पुढे सोसायटीने त्यांना सेक्रेटरी केलं. त्या टेबलावर टँकरच्या पाळ्यांचे तक्ते यायला लागले, गच्चीच्या गळतीची पत्रं आली. बाबांचं अक्षर सुंदर, म्हणून सगळ्या नोटिसा तेच लिहायचे. लोक फळ्यासमोर उभे राहून "वा, काय वळण आहे" म्हणायचे. बाबा खूश व्हायचे. मी शेजारून जाताना दात आवळायचे. पुढच्या पावसाळ्यात बाबा गेले. कसे गेले ते मी सांगत बसत नाही. सांगून काय होतं? टेबलावर अर्धवट नोटीस राहिली होती, एवढं आठवतं. तिचंही दुसरं पान कोरं होतं.

तेराव्याच्या दिवशी दुमिंगकाका आले. केळ्यांचा घड दाराशी ठेवला, आईजवळ थोडा वेळ बसले, आणि निघताना जिन्यात मला म्हणाले, "वह्या नीट ठेव हां. किती लिहून झालं होतं त्याचं?"

"काही नाही झालं, काका. एकतीस वह्या आहेत. सगळ्यांत पहिलंच पान."

काका पायरीवर थांबले. "असं कसं? मला तर सगळी गोष्ट सांगितली त्याने."

"कुठली गोष्ट?"

"दशरथाची. तो घरी जातो, बायको त्याला ओळखते पण दाखवत नाय. मग तो शाळेचं छप्पर शाकारायचं काम घेतो. मग तो मास्तर येतो. सगळी. विहिरीवर बसून सांगायचा. मी नाताळचा गोठा करत असायचो, तो बोलत असायचा. दोन-तीन वर्षं पुरली मला ती गोष्ट."

मला रडू आलं नाही. संताप आला. एवढी वर्षं घरात एकच वाक्य घोळवणारा हा माणूस, बाहेर जाऊन पूर्ण कादंबरी तोंडी सांगून आला होता. कागदाला नाही, आईला नाही, मला नाही.

"मला का नाही सांगितली?" मी विचारलं. ज्याला विचारायचं तो माणूस समोर नव्हता, म्हणून काकांना विचारलं.

काका खरं बोलणारे. "तुला घाबरायचा तो," म्हणाले.

त्या डिसेंबरात मी नंदाखालला गेले ती नवी वही घेऊन. काका अंगणात गोठा करायला बसले होते. दर नाताळाला येशूच्या जन्माचा देखावा ते स्वतःच्या हाताने करायचे. पेंढा चांदीप गावच्या एका मित्राकडून यायचा, माती याच विहिरीच्या गाळाची. खापरात नाचणी पेरून तिचे हिरवे कोंब कुरणासारखे लावायचे. मातीची मरिया, तिला लाल लुगडं. योसेफच्या खांद्यावर पंचा. मेंढ्यांऐवजी म्हशी, कारण "मेंढ्या मी कुठं बघितल्यात?" सगळी आळी बघायला यायची. ओल्या पेंढ्याचा तो उबदार, किंचित आंबूस वास अजून नाकात आहे, आणि सुतळी दाताने तोडतानाचा काकांचा कटकन आवाज.

"सांगा काका," मी पेन उघडून म्हटलं.

"अशी समोर बसलीस तर नाय आठवत मला," ते म्हणाले. "हात चालले की आठवतं. पेंढा काप."

म्हणजे पेंढा कापायचा, माती मळायची, आणि काकांच्या तोंडून मधूनच दशरथ निघाला की चिखलाच्या हातांनी वही ओढायची. आणि तो दशरथ तरी सरळ कुठे यायचा? मधे शेजाऱ्याची म्हैस यायची, चर्चमधल्या गायनाची तालीम यायची, कचेरीतल्या एका हेडक्लार्कची खोड यायची. मी वैतागायचे. "काका, पण मास्तर आल्यावर काय झालं?" "सांगतो ना, बाय. आधी ती सुतळी दे." तीन आठवडे असं चालायचं, मग नाताळ यायचा, आणि गोष्ट मधेच थांबायची. उन्हाळ्यात मी मुद्दाम जाऊन बसले तर त्यांना निम्मंही सांगता येईना.

दुसऱ्या वर्षी दशरथाच्या बायकोचं नाव बदललं. आदल्या वर्षी ती यशोदा होती, या वर्षी सुंदरा. तिसऱ्या वर्षी दशरथाने गावात केळीची वाडी घेतली आणि रविवारी त्याला घंटा ऐकू यायला लागली.

"काका, बाबांच्या गावात चर्च नाही हो."

"तुझ्या बापाने घातलं होतं."

"खरंच?"

काकांनी हातातली पेंढ्याची पेंडी खाली ठेवली. "मला तर तसंच आठवतं," म्हणाले. मग हळूच म्हणाले, "नायतर मी घातलं असेल."

परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकून स्वतःवर चिडत होते. घंटा कुणाची, वाडी कुणाची, बाबांची किती, काकांची किती, काहीच धड लागत नव्हतं. सात वह्या भरल्या होत्या. प्रत्येक वर्षी गोष्ट थोडी कमी होत होती आणि वह्या वाढत होत्या. मला वाटायचं, सगळं पक्कं कळलं की लिहायला बसू. अजून एक डिसेंबर. अजून एकदा विचारून घेऊ.

त्याच नाताळानंतर, जानेवारीतला तीन राजांचा सण झाल्यावर, मी सहज गेले होते. काका गोठा मोडत होते. मी तो मोडताना आधी कधी पाहिला नव्हता. मरियेचं लुगडं काढून त्यांनी घडी करून ठेवलं आणि मूर्ती विहिरीजवळच्या चिखलात ठेवून तिच्यावर बादलीभर पाणी ओतलं. माती विरघळून गेली. छपराचा पेंढा उपसून म्हशीपुढे टाकला. त्या वर्षीचा गोठा फार चांगला झाला होता. मरियेचा चेहरा तर असा, की लोक दोनदा वळून बघायचे.

"काका, निदान ती मूर्ती तरी ठेवायची."

"ठेवून काय करू? पुढच्या वर्षी तिच्याकडेच बघत बसेन. नवी होणार नाय माझ्याच्याने." म्हशीच्या पाठीवर थाप मारत ते म्हणाले, "आता अजून किती होतील? चार? पाच? त्यात जुनं बघत बसायला वेळ कुठाय?"

त्यांनी हात धुतले, पंचाला पुसले आणि माझ्या पिशवीकडे बघून विचारलं, "किती वह्या झाल्या तुझ्या?"

"सात."

"आणि लिहून किती झालं?"

मी पिशवी पाठीमागे सरकवली.

"बापाची पोर," काका म्हणाले. चेष्टेत नाही म्हणाले. वाईट वाटून म्हणाले.

ते एक वाक्य मला इतकं झोंबलं की मी चहा न घेता निघाले. फिलू फाटकापर्यंत मागे आली, मी तिच्याशीही धड बोलले नाही. रात्रभर नाही, पण घरी पोचेपर्यंत भांडले काकांशी मनातल्या मनात. ह्यांना काय जातं बोलायला. वाडी आहे, विहीर आहे. आमच्यासारखं पाचाला उठून पिंपं भरायला लागतात का? पण एव्हरशाईनच्या नाक्यावर रिक्षातून उतरताना मला साधा हिशोब कळला. बाबांनी एकतीस वह्यांत पहिलं वाक्य घोटलं. मी सात वह्यांत टिपणं घोटत होते. त्यांचं निमित्त निवृत्ती होतं, माझं निमित्त दुमिंगकाका. फरक अक्षराचा. त्यांचं चांगलं होतं.

आमच्याकडे नळाला पाणी पहाटे पाचला यायचं आणि तासभर असायचं. दुसऱ्या दिवशी मी पिंपात नळी सोडली आणि बाबांच्या टेबलाशी बसले. पहिलं वाक्य लिहिलंच नाही. त्या वाक्याशी माझं वैर होतं. मी सरळ दशरथ बायकोच्या हातचं जेवतोय तिथून लिहायला घेतलं. त्या दोघांत कुणी बोलत नाही, एवढंच मला ठाऊक होतं. बाकी मी रचलं. पाण्याचा आवाज बदलला, पिंप भरत आलं की उठायचं, नळी दुसऱ्यात टाकायची, परत बसायचं. एक पान व्हायचं. कधी अर्धं. बहुतेक वाईट व्हायचं. आई विचारायची, "काय गं लिहितेस एवढं?" मी म्हणायचे, "सोसायटीचं." खोटं बोलल्याशिवाय तेव्हा जमत नव्हतं.

मी आनंदाने लिहिलं असं कुणी समजू नये. मी चिडून लिहिलं. बाबांवर, वेळेवर, कचेरीवर, स्वतःच्या रटाळ वाक्यांवर. मास्तराचं प्रकरण पाच वेळा फाडलं. एकदा सहा महिने सोडूनच दिलं होतं, आईची शस्त्रक्रिया झाली त्या वेळी, आणि त्या सहा महिन्यांत मला पहाटे पाण्याचा आवाज सहन व्हायचा नाही. आता घंटा कुणी घातली हे मी विचारत नव्हते. घंटा मला हवी होती, म्हणून ठेवली. यशोदा ठेवली, सुंदरा काढली. शेवट बाबांनी काकांना काय सांगितला होता ते मला कधीच कळलं नाही, कारण काकांनी दर वर्षी वेगळा सांगितला. मग मी माझा केला. गेल्या महिन्यात तो झाला. तीन वर्षं लागली.

मधल्या काळात इकडे येणं कमी झालं. काकू गेल्या. दोन नाताळ झाले, काकांनी गोठा केला नाही. फिलू बाजारातून तयार आणते, दिव्यांची माळ असलेला. काकांना दिसतं कमी. फिलू फोनवर म्हणाली होती, "बाबा विसरतात आता. तू ये, पण वाईट वाटून घेऊ नकोस."

आतून हाक आली. कॉफी केव्हाच गार झाली होती. मी पिशवी उचलून आत गेले.

काका ओटीवर खुर्चीत बसले होते, गुडघ्यांवर शाल. खूप लहान दिसत होते. फिलूने त्यांच्या कानाशी वाकून माझं नाव सांगितलं. "हां," ते म्हणाले. "कचेरीतली."

"नाही बाबा, कचेरीतल्या काकांची मुलगी."

"हां हां." ओळख पटली की नाही ते कळलं नाही. मी स्टूल ओढून बसले, कागद काढले. सबंध वाट मी ठरवत आले होते की वाचून झालं की काकांना विचारायचं: हे बाबांचं आहे का? किती त्यांचं आहे? विचारण्यासारखा हा एकच माणूस जगात उरला होता.

मी वाचायला लागले. चुलीवरचं जेवण, दशरथ, त्याच्या पानात भात वाढणारी आणि वर न बघणारी यशोदा. काका मान खाली घालून ऐकत होते. दोन पानं झाली, तीन झाली. मला वाटलं झोप लागली. मी थांबले.

"हा दशरथ कोण?" काकांनी विचारलं.

फिलूने माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली.

"खलाशी आहे, काका. अकरा वर्षांनी गावाला परत आलाय."

"आणि ती बोलत का नाय त्याच्याशी? ओळखलं नाय?"

"ओळखलंय. दाखवत नाही."

ही गोष्ट काकांनीच मला दिली होती, चिखलाच्या हातांनी, एकेक तुकडा करून, आणि आता ती त्यांच्याकडे नव्हती. बाबांकडे नव्हती. मी जे विचारायला आले होते त्याचं उत्तर देणारं आता कुणी नव्हतं. मी तशीच कागद धरून बसले. उठून निघून जावं असं वाटत होतं.

"चांगली बाई आहे," काका म्हणाले. मग शाल सारखी करत त्यांनी विचारलं, "कुणी लिहिलंय हे?"

फिलू काहीतरी सांगायला गेली. तिच्या आधी मी म्हटलं, "मी."

"बरं," काका म्हणाले. "मग वाच पुढं. थांबलीस का?"

मी पान उलटलं.